‘अर्जुन’ रणगाड्याची नवी उपांगे : कार्य, भार आणि परिभाषा

दिनांक २३ सप्टेंबर २०२१ रोजी भारत सरकारच्या संरक्षण मंत्रालयाने अवडी येथील अवजड वाहन कारखान्याकडे ‘अर्जुन मार्क-१ए’ या जातीच्या ११८ रणगाड्यांची मागणी नोंदविली. या व्यवहाराचे मूल्य ७,५२३ कोटी रुपये होते. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीस चेन्नई येथे पंतप्रधानांनी हा रणगाडा तत्कालीन भूदलप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या स्वाधीन केलेला होता. मागणीच्या वेळी प्रसृत झालेल्या सरकारी पत्रकात, मूळच्या मार्क-१ या जातीच्या मानाने नव्या जातीत ७२ नवी वैशिष्ट्ये असल्याचे नमूद केले आहे. वृत्तपत्रांनी हा आकडा उत्साहाने छापला. तथापि केवळ आकड्याने काहीच उलगडत नाही. बहात्तर वस्तूंची यादी वाचून रणगाडा समजत नाही, ज्याप्रमाणे शब्दांची यादी वाचून भाषा समजत नाही. प्रत्येक उपांग रणगाड्यातील चार माणसांपैकी कोणाच्या उपयोगाचे, आणि त्यासाठी किती भार सोसावा लागला, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून त्याचा खरा अर्थ लागत नाही.

प्रथम नावाचाच विचार करणे सोयीचे होईल. इंग्रजीतील ‘टँक’ हे नाव मूळचे फसवे आहे. १९१५ साली ब्रिटिश आरमारी खात्याच्या पुढाकाराने ‘भूनौका समिती’ स्थापन झाली आणि तिच्या देखरेखीखाली हे वाहन आकारास आले. गुप्तता राखण्यासाठी ही पाण्याची टाकी असल्याची बतावणी करण्यात आली आणि तेच नाव पुढे चिकटले. दिनांक १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणक्षेत्रात हे वाहन प्रथम उतरले, तोपर्यंत त्याच्या अवयवांना जहाजाच्या अवयवांची नावे पडून गेली होती. धडाला ‘हल’, माथ्याला ‘डेक’, चढउताराच्या झाकणाला ‘हॅच’ असे शब्द इंग्रजीत आजही चालतात. मराठीने मात्र समुद्राकडे पाहिले नाही. तिने किल्ल्याकडे आणि शेताच्या बांधाकडे पाहिले. ‘रणगाडा’ या समासातील ‘गाडा’ हा शब्द लक्षणीय आहे. मराठीत ‘लोटी–लोटा’, ‘आरी–आरा’, ‘गाडी–गाडा’ अशा जोड्यांत पुल्लिंगी आकारान्त रूप वस्तूचा मोठेपणा दाखविते. म्हणजे ‘गाडा’ म्हणताच भार सूचित होतो. वर फिरणाऱ्या भागास मराठीत ‘बुरूज’ म्हणता येते. हा शब्द मूळ अरबी, ‘तोफ’ हा तुर्की, आणि दोन्ही मराठी बखरींत पूर्वीच रुळलेले. किल्ल्याचा बुरूज जागचा हलत नाही आणि रणगाड्याचा बुरूज सर्व दिशांना फिरतो, एवढा विरोध सोडला तर शब्द चपखल आहे. प्रस्तुत लेखात शक्य तेथे हेच शब्द योजिले आहेत.

अर्जुनमध्ये चार माणसे असतात. चालक धडाच्या पुढील भागात एकटा बसतो. बुरुजात तिघे : रणगाड्याचा प्रमुख, नेम धरून तोफ डागणारा, आणि तोफेत गोळा भरणारा. यांतील दुसऱ्यास ‘गोलंदाज’ हा नेमका मराठी शब्द पूर्वी उपलब्ध होता. परंतु क्रिकेटच्या मैदानाने तो असा काही पळविला आहे की आज तोफेशी त्याचा संबंध सांगावा लागतो. असो. चौथा माणूस, म्हणजे भरणारा, हा या रणगाड्याच्या रचनेतील कळीचा मुद्दा होय. भारतीय भूदलात मोठ्या संख्येने असलेल्या रशियन घडणीच्या टी-९० रणगाड्यात हा माणूस नाही. तेथे त्याचे काम यंत्र करते, आणि म्हणून तो रणगाडा तिघांचा, बुटका आणि सुमारे साडेसेहेचाळीस टन वजनाचा आहे. चौथ्या माणसासाठी जागा हवी, जागेभोवती चिलखत हवे, चिलखताला वजन आले. अर्जुनच्या वजनाची कथा येथूनच सुरू होते.

मग हा चौथा माणूस ठेवण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर दारूगोळा कोठे ठेविला आहे यात मिळते. टी-९० च्या स्वयंचलित भरणयंत्रात २२ गोळे व त्यांची दारू बुरुजाच्या तळाशी, एका फिरत्या चकतीत मांडलेली असतात; म्हणजे तिघांपैकी दोघे अक्षरशः दारूगोळ्याच्या वर बसतात. चिलखत भेदले जाऊन ही दारू पेटली तर स्फोटाला वाट वरच्या बाजूसच सापडते आणि बुरूज धडावेगळा होऊन उडतो. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी टी-७२ रणगाड्यांचे, आणि २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धात त्याच कुळातील रणगाड्यांचे असे बुरूज उडालेले साऱ्या जगाने पाहिले. अर्जुनमध्ये ३९ गोळे नेता येतात. मार्क-१ए मध्ये त्यांच्यासाठी बंदिस्त कप्पे असून प्रत्येक कप्प्यास स्वतंत्र झडप आहे. भरणारा एक झडप उघडतो, एक गोळा घेतो, झडप मिटते. कप्प्यातील दारू पेटलीच तर तिचा जोर बाहेरच्या अंगाची, मुद्दाम दुबळी ठेवलेली पत्रे उचकटून मोकळ्या हवेत निघून जावा, अशी योजना आहे. बहात्तर वैशिष्ट्यांच्या यादीत ही झडप इतर अनेक बाबींच्या पंक्तीला बसविलेली आढळते. वस्तुतः तिचे मोल त्या सर्वांहून निराळे मानले पाहिजे. इतर साधने शत्रूचा गोळा लागू नये म्हणून आहेत. ही झडप गोळा लागल्यानंतर चौघे जिवंत राहावेत म्हणून आहे.

तोफ १२० मिलिमीटर व्यासाची असून ती पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने घडविली आहे. तिच्या नळीत आतून पीळ पाडलेले आहेत. आजच्या बहुतेक रणगाड्यांच्या तोफा आतून गुळगुळीत असतात. पीळदार तोफ प्रामुख्याने ब्रिटिशांनी जपली, आणि त्यांनीही ‘चॅलेंजर-३’ या नव्या रणगाड्यासाठी गुळगुळीत नळी स्वीकारली आहे. मग अर्जुनमध्ये पीळ का? गोळ्याला गरगर फिरविले की तो मार्गावर स्थिर राहतो, हे पिळाचे जुने तत्त्व होय. भारतीय भूदलास दोन प्रकारचे गोळे हवे होते. एक लांब, बारीक, अतिजड धातूचा बाण, जो केवळ वेगाच्या बळावर चिलखत भेदतो. दुसरा मऊ स्फोटकाने भरलेला गोळा : तो आदळताच शेणाच्या गोळ्यासारखा पृष्ठभागावर पसरतो, मग बुडाकडील चाप स्फोट घडवितो, आणि त्या धक्क्याने पलीकडच्या अंगाचे तुकडे उडतात. मोर्चे, तटबंदीच्या जागा, इमारती यांवर हा दुसरा गोळा फार परिणामकारक ठरतो आणि त्याला पीळ मानवतो. पहिल्याला मात्र तो मानवत नाही. बाणाला स्थिर ठेवण्याचे काम त्याची शेपटीकडील पाती करतात आणि वेगाने फिरविल्यास तो उलट बिघडतो. म्हणून या बाणाच्या आवरणावर घसरते कडे बसवावे लागते : कडे पिळात फिरते, बाण जवळजवळ न फिरता सरळ निघतो. अशा रीतीने एकाच नळीतून दोन परस्परविरुद्ध स्वभावांचे गोळे निघतात. ही तडजोड आहे. नव्या रणगाड्यांच्या चिलखताविरुद्ध आज सारा भर बाणावर आहे, हे लक्षात घेता जगाचा कल गुळगुळीत नळीकडे का झुकला हे समजणे कठीण नाही.

नेमबाजीच्या साधनांत मार्क-१ए ची खरी प्रगती दिसते. लेसर किरणाने अंतर मोजणे, गणकयंत्राने वारा व उष्णतामान जमेस धरून तोफेचा कोन ठरविणे, रणगाडा खडबडीत भूमीवरून धावत असताही तोफ व दुर्बीण लक्ष्यावर स्थिर राखणे, ही कामे मार्क-१ मध्येही होत होती. त्यात उणीव होती ती प्रमुखाच्या दुर्बिणीत. ही दुर्बीण बुरुजाहून स्वतंत्रपणे चोहोबाजूंना फिरते. तिच्यातून प्रमुख लक्ष्य शोधतो, गोलंदाजाच्या हवाली करतो, आणि गोलंदाज ते टिपत असताना स्वतः पुढचे लक्ष्य शोधू लागतो. इंग्रजीत या पद्धतीला ‘शिकारी आणि मारेकरी’ अशा अर्थाचे नाव आहे. मराठी मुलखातील हाकाऱ्याला आणि बंदूकधाऱ्याला ही वाटणी नवी वाटणार नाही. परंतु मार्क-१ मधील प्रमुखाची दुर्बीण केवळ दिवसाची होती. उष्णतेवरून चित्र उमटविणारे साधन गोलंदाजापाशी होते, प्रमुखापाशी नव्हते. त्यामुळे रात्र पडताच शिकारी आंधळा होई आणि दोघांचे काम एकाच्या डोळ्यांवर येई. मार्क-१ए मध्ये प्रमुखाच्या दुर्बिणीसही उष्णतादर्शक साधन दिले आहे. चालकालाही तशाच तत्त्वावरचे रात्रीचे साधन मिळाले. पूर्वी चौघांपैकी एकच रात्री नीट पाहू शकत असे, आता तिघे पाहू शकतात. बुरुजावरची ही भर आकाराने लहान, पण परिणामाने मोठी आहे. एकदा हेरलेल्या हलत्या लक्ष्याचा माग यंत्राने आपोआप राखण्याची सोयही तिला जोडलेली आहे.

चिलखताविषयी लिहिताना परिभाषेचा घोटाळा आधी दूर केला पाहिजे. ‘चिलखत’ म्हणताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अंगावर घालावयाचा लोखंडी कड्यांचा अंगरखा येतो. आणि अर्जुनसारखे नाव त्याला जोडले की पौराणिक कवचाची कल्पना आणखीच बळावते. अर्जुनच्या मूळ चिलखताचे नाव ‘कांचन’ असे आहे. हे नाव सोन्यावरून पडले नसून, हैदराबादच्या ज्या कांचनबाग वस्तीतील संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेत ते तयार झाले, त्या स्थळावरून पडले आहे. पोलादाच्या जाड पत्र्यांमध्ये चिनी मातीच्या जातीच्या कठीण पदार्थांचे थर बसवून हे संमिश्र चिलखत घडविले जाते. पोलाद वाकते, ताणले जाते. मधला थर अतिशय कठीण असल्याने आत शिरणाऱ्या अणकुचीचे टोक बोथट करतो. थरांचे नेमके प्रमाण अर्थातच गुप्त आहे.

मार्क-१ए मध्ये या कांचनावर आणखी एक आवरण चढविले आहे, ज्याचे इंग्रजी नाव ‘प्रतिक्रिया देणारे स्फोटक चिलखत’ असे आहे. स्फोटकाने रक्षण कसे होईल, अशी शंका साहजिक आहे. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राच्या टोकाशी स्फोटकात बसविलेला तांब्यासारख्या धातूचा पोकळ शंकू असतो. स्फोट होताच तो चिमटला जाऊन त्याची बारीक, अतिवेगवान धार बनते आणि ती धार पोलादात शिरते. आता रणगाड्याच्या अंगावर विटांसारखे डबे बसविले, आणि प्रत्येक डब्यात दोन पत्र्यांमध्ये स्फोटकाचा थर ठेविला, तर ती धार डब्यात शिरताच थर फुटतो, पत्रे तिरकस दिशेने उसळतात आणि धारेला आडवे जाऊन तिचे तुकडे करतात. धार एकसंध राहिली तरच भेदते. तुटली की तिचे बळ ओसरते. म्हणून या आवरणास ‘स्फोटक चिलखत’ म्हणण्यापेक्षा ‘उसळते चिलखत’ म्हणणे अर्थाच्या अधिक जवळ जाईल. अर्जुनवरील हे आवरण पुण्याच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने सिद्ध केले.

आणि याच प्रयोगशाळेचा हात त्याच्या उताऱ्यातही आहे. तोफेच्या नळीतूनच डागता येणारे, लेसर किरणाच्या अनुरोधाने जाणारे क्षेपणास्त्र पुण्याच्या शस्त्रास्त्र आस्थापनेने, ही प्रयोगशाळा व डेहराडूनची दृक्-साधन प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने तयार केले. त्याच्या डोक्यात एकामागे एक असे दोन स्फोटक भाग असतात : पहिला लहान भाग शत्रूच्या चिलखतावरील वीट फोडतो आणि मागचा मोठा भाग उघड्या पडलेल्या पोलादावर काम करतो. २२ सप्टेंबर २०२० रोजी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील चिलखती दलाच्या केंद्राच्या के. के. रेंज या मैदानावर अर्जुनमधून ते डागण्यात आले आणि त्याने तीन किलोमीटरवरील लक्ष्य भेदले. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२० रोजी त्याहून लांबच्या लक्ष्यावर प्रयोग झाला.

उरलेल्या उपांगांपैकी काहींचा केवळ उल्लेख पुरे. शत्रूच्या लेसर किरणाचा स्पर्श होताच इशारा देणारी व धुराचा पडदा उभारणारी यंत्रणा. मुख्य इंजिन बंद ठेवून दुर्बिणी व यंत्रे चालू राखणारे लहान जनित्र, ज्यामुळे रणगाडा आवाज न करता दबा धरू शकतो. भूमार्ग दाखविणारी साधने. धडाच्या पुढे बसविलेला सुरुंग-नांगर मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. तो सारी वाट नांगरीत नाही; केवळ दोन्ही पट्ट्यांच्या पुढची, पट्ट्याएवढ्या रुंदीची माती उकरून सुरुंग बाजूला सारतो. येथे ‘नांगर’ हा शब्द शोभेचा नाही, क्रिया हुबेहूब तीच आहे.

आता भाराचा हिशेब. मार्क-१ चे वजन ५८.५ टन होते. मार्क-१ए सुमारे ६८ टनांवर गेला. इंजिन दोघांचे एकच : जर्मनीच्या एमटीयू कंपनीचे १,४०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन. म्हणजे मार्क-१ मध्ये दर टनामागे सुमारे २४ अश्वशक्ती होती, ती मार्क-१ए मध्ये साडेवीसच्या आसपास आली. रस्त्यावरील महत्तम वेगही ताशी सुमारे ७० किलोमीटरवरून ५८ वर उतरला. पट्ट्याच्या आत दर बाजूस सात चाके असून ती तेल व दाबलेला वायू यांच्या आधारावर तोललेली आहेत. त्यामुळे हा अवजड गाडा खाचखळग्यांतून बराच मवाळपणे जातो, आणि ज्यांनी तो चालविला त्यांनी हा गुण वाखाणलेला आहे. परंतु पूल चाकांच्या मवाळपणाकडे पाहत नाही. तो एकंदर वजनाकडे पाहतो. नद्या, कालवे व साधे पूल यांनी भरलेल्या पंजाबच्या भूमीपेक्षा अर्जुनची पथके राजस्थानच्या वाळवंटात ठेवली गेली, यामागे वजनाचा विचार मोठा होता. मार्च २०१० मध्ये राजस्थानात अर्जुन आणि टी-९० यांची तुलनात्मक चाचणी झाली. टी-९० ला भूदलाने ‘भीष्म’ हे नाव दिलेले आहे. अर्जुन आणि भीष्म समोरासमोर आले हा योगायोग नावे ठेवणाऱ्यांच्या मनातही नसावा. अर्जुन सरस ठरल्याचे वृत्तपत्रांनी त्या वेळी छापले. तरीही संख्येने भीष्मच अधिक राहिले.

येथे एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. मार्क-१ए ची आखणी मुख्यतः २०१० ते २०१२ या काळातील आहे. तेव्हा रणगाड्यावर येणारा घाव समोरून वा बाजूने येईल हे गृहीत होते, आणि जाड चिलखत त्याच अंगांना दिले गेले. बुरुजाचे छत प्रत्येक रणगाड्यात पातळच असते. २०२० च्या नागोर्नो-काराबाखच्या युद्धात आणि पुढे युक्रेनमध्ये लहान, स्वस्त, वैमानिकाविना उडणाऱ्या यानांनी नेमके हेच छत गाठले. मग सैनिकांनी बुरुजावर लोखंडी जाळ्यांचे मांडव घातले. मार्क-१ए च्या छतावर आतूनच चालविता येणारी १२.७ मिलिमीटरची यंत्रतोफ आहे. तिच्यामुळे डोके बाहेर न काढता वर मारा करता येतो, हा लाभ खरा. पण एका वेळी अनेक दिशांनी येणाऱ्या यानांना ती पुरी पडेल असे म्हणणे धाडसाचे होईल. संरक्षण वाढवावे तर पुन्हा वजन वाढते. लडाखमधील २०२० च्या संघर्षानंतर भूदलाने नेमका उलट मार्ग धरला आणि उंच प्रदेशासाठी ‘झोरावर’ हा केवळ २५ टनांचा हलका रणगाडा करविला. तो जुलै २०२४ मध्ये गुजरातेतील हाजिरा येथे प्रथम दाखविण्यात आला. झोरावर अर्जुनची जागा घेणार नाही, त्याचे कार्य वेगळे आहे.

अर्जुनच्या भाराचे दुसरे टोक इंजिनाशी बांधलेले आहे. तोफ पुण्याची, चिलखत हैदराबादचे, जुळणी अवडीची, पण गाडा हलतो तो परदेशी यंत्रावर. २० मार्च २०२४ रोजी म्हैसूर येथे भारतीय बनावटीचे १,५०० अश्वशक्तीचे इंजिन प्रथम चालवून पाहण्यात आले. भारताच्या भावी मुख्य रणगाड्यासाठी ते योजिलेले आहे. हेच इंजिन ६८ टनांच्या मार्क-१ए ला जोडले असे क्षणभर मानले, तर दर टनामागे अश्वशक्ती २२ च्या आसपास भरते. मार्क-१ मध्ये ती २४ होती.